मोठ्यांची नळी, लहानांचा श्वास

बेंजामिन फ्रँकलिनचे नाव आपण वर्गात घेतो ते वीज आणि पतंग यांच्या संदर्भात. हाच फ्रँकलिन लहानपणी बॉस्टनमध्ये पट्टीचा पोहणारा होता, हे फारसे सांगितले जात नाही. अधिक वेगाने पोहता यावे म्हणून त्याने लाकडाच्या दोन लंबगोल फळ्या तयार केल्या होत्या. सुमारे दहा इंच लांब, सहा इंच रुंद आणि अंगठा घालण्यासाठी भोक पाडलेल्या या फळ्या चित्रकाराच्या रंगपाटीसारख्या दिसत. वेग वाढला खरा, पण मनगटे दुखू लागली. मग त्याने तळपायांना एक प्रकारच्या चपला बांधून पाहिल्या. त्याही त्याला पटल्या नाहीत. पोहताना पाण्याला रेटा देण्याचे काम एकटा तळवा करीत नाही, पावलाची आतली बाजू आणि घोटाही ते करतात, हे त्याच्या ध्यानात आले होते. मोठेपणी त्याने हे सारे एका फ्रेंच मित्राला पत्रातून कळवले.

या गोष्टीत साधन करणारा आणि वापरणारा एकच मुलगा आहे, त्यामुळे मापाचा प्रश्नच उद्भवला नाही. पुढे मात्र चित्र बदलले. पाण्याखाली पाहण्यासाठी मास्क, पाण्यावर तरंगत श्वास घेण्यासाठी स्नॉर्केलची नळी आणि पायात घालायची रबरी वल्ही, म्हणजे फिन्स, ही तिन्ही साधने आज ज्या रूपात दुकानात दिसतात, त्या रूपात ती विसाव्या शतकात घडली. घडवणारे होते नौदलातले अधिकारी, भाल्याने मासे मारणारे हौशी शिकारी आणि खेळाडू. प्रत्येकाने आपल्या चेहऱ्याचे, आपल्या पायाचे आणि आपल्या फुप्फुसांचे माप धरले. मुलांच्या वाट्याला या साधनांची बरेचदा खेळण्यातली नक्कलच आली. मुलासाठी ही साधने घेताना आजही ज्या अडचणी येतात, त्यांचे मूळ आम्हाला या इतिहासात दिसते.

मास्कपासून सुरुवात करू. पाण्यात डोळे उघडले की सारे धूसर का दिसते? डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाचे वक्रीभवन भिंगामुळे होते असे विद्यार्थी सांगतात. पण जवळजवळ दोन तृतीयांश काम डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे, म्हणजे पारपटलाचे असते. हवेचा वक्रीभवनांक १, पारपटलाचा सुमारे १.३८. या फरकामुळे किरण वळतात. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ असल्याने पाण्यात हा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे जाते. डोळ्यापुढे हवेचा एक थर ठेवला की पारपटल पुन्हा कामाला लागते. मास्क म्हणजे हा हवेचा थर. काच आहे ती केवळ हवा आणि पाणी वेगळे ठेवण्यासाठी.

मास्कशिवाय पाण्याखाली बरे दिसणारी मुले जगात आहेत. थायलंड आणि म्यानमारच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मोकेन या दर्यावर्दी लोकांची मुले उघड्या डोळ्यांनी समुद्रतळावरचे शिंपले वेचतात. स्वीडनच्या संशोधक आना गिस्लेन यांनी या मुलांची दृष्टी तपासली आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्याखाली या मुलांना युरोपीय मुलांपेक्षा दुपटीने बारीक तपशील दिसत होता. पाण्यात शिरताच ती डोळ्याची बाहुली अगदी लहान करीत आणि भिंगाचा आकारही पुरेपूर बदलत. ही देणगी जन्मजात नसावी, कारण पुढे सरावानंतर युरोपीय मुलांनाही ते जमू लागले. परंतु बाकीच्यांना काच हवी, आणि काच आली की तिच्यामागून दाबाचा प्रश्न येतो.

जपानमधल्या आमा आणि कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो या पाणबुड्या स्त्रिया दोन काचांचे चष्मे वापरू लागल्या तेव्हा त्यांना हा प्रश्न भेटला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर राहणारा अमेरिकन लेखक गाय गिलपॅट्रिक याने वैमानिकाच्या चष्म्याच्या फटी पुट्टीने बुजवून तो समुद्रात वापरला आणि १९३८ साली या छंदावर पुस्तक लिहिले. त्यालाही या प्रश्नाने सोडले नाही. प्रश्न असा, की तीन मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरच्या १.३ पट होतो. बॉइलच्या नियमाप्रमाणे चष्म्यातल्या हवेचे आकारमान सुमारे २३ टक्क्यांनी घटायला हवे. चष्मा कडक असल्याने ते घटत नाही. आतला दाब कमी, शरीरातल्या रक्ताचा दाब जास्त, त्यामुळे डोळे बाहेर ओढल्यासारखे होतात आणि पांढऱ्या भागातल्या केशवाहिन्या फुटतात. काहींनी चष्म्याला रबरी फुगे जोडून पाहिले. खोलीवर फुगे दबले की त्यातली हवा चष्म्यात यावी अशी ती योजना होती. सोपा उपाय शेवटी नाकाने दिला. माक्सिम फोर्झो या फ्रेंच माणसाने १९३८ च्या सुमारास डोळे आणि नाक दोन्ही झाकणारा एका काचेचा मास्क केला. नाकातून थोडा श्वास सोडला की मास्कमधला दाब बाहेरच्या दाबाइतका होतो. पण नाक आत गेले तर कान मोकळे करण्यासाठी ते चिमटीत कसे धरणार? १९५२ साली इटलीच्या क्रेसी कंपनीसाठी लुइजी फेरारो याने मास्कलाच रबरी नाक दिले. लाकडी नाकाच्या त्या प्रसिद्ध बाहुल्यावरून त्याचे नाव पडले पिनोकियो.

मुलांसाठी चष्मा घेणाऱ्या पालकाने यातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. तलावात पोहण्याचा दोन वाट्यांचा चष्मा पृष्ठभागावर ठीक आहे, पण मूल तळाशी पडलेले नाणे काढायला जाणार असेल तर तो नको. नाक झाकणाराच मास्क हवा.

मापाची परीक्षा अगदी सोपी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. पट्टा मागे टाकून मास्क मुलाच्या चेहऱ्याला नुसता टेकवावा. कपाळावरचे केस बाजूला करावेत. मुलाला नाकाने हलकेच श्वास आत ओढून रोखायला सांगावे आणि आपण हात सोडावा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. घसरला किंवा कुठून सूं सूं आवाज आला तर दुसरा पाहावा. मॅग्डेबर्गच्या अर्धगोलांचा धडा शिकवताना हे उदाहरण फार चांगले उपयोगी पडते. मोठ्यांचा मास्क मुलांना बहुधा दोन ठिकाणी दगा देतो, कानशिलांजवळ आणि वरच्या ओठावर, कारण मुलाचा चेहरा अरुंद असतो आणि नाक ते ओठ हे अंतर कमी असते. अशा वेळी आपण पट्टा आवळतो. त्याने गळती थांबत नाही. कड दुमडते आणि गळती वाढते, शिवाय चेहऱ्यावर वळ उठतात. मास्क जागेवर धरून ठेवण्याचे काम पाण्याचा दाबच करीत असतो, पट्टा फक्त सोबतीला. कडेच्या झालरीचे रबर पूर्वी काळे आणि ताठर असे, १९७० च्या दशकापासून सिलिकोन आले. मऊ सिलिकोनची झालर लहान चेहऱ्याला अधिक चांगली बसते. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करावेत, असे आमचे मत आहे. चष्मा लावणाऱ्या मुलांची अडचण वेगळी. चष्म्याच्या दांड्या झालरीखाली आल्या की पाणी आत येणारच. त्यांच्यासाठी नंबराच्या काचा बसवता येणारे मास्क मिळतात.

आता नळीकडे वळू. आमच्या दृष्टीने खरा विषय हाच आहे.

पाण्याखाली लपलेला नायक लव्हाळ्याची पोकळ नळी तोंडात धरून श्वास घेतो आणि पाठलाग करणारे शत्रू वरून निघून जातात, असे दृश्य गोष्टींत आणि चित्रपटांत सर्वांनी पाहिले आहे. कल्पना प्राचीन आहे. पाणबुडे पाण्याखालून वरची हवा ओढण्यासाठी साधन वापरतात तसा निसर्गाने हत्तीला सोंडेचा लांब नाक दिला आहे, अशी तुलना इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने केली आहे. स्नॉर्केल हे नाव मात्र अलीकडचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांच्या इंजिनांना हवा पुरवणारी नळी पाण्यावर काढत, तिचे हे नाव. घोरणे या अर्थाच्या जर्मन शब्दाशी त्याचे नाते आहे.

हुशार विद्यार्थी इथे विचारतो, नळी एक मीटर लांब केली तर एक मीटर खाली बसून श्वास का घेता येणार नाही? उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग दाबाचा. एक मीटर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम. छातीचा समोरचा भाग ५०० चौरस सेंटिमीटर धरला तर एकूण भार ५० किलोचा. फुप्फुसातली हवा नळीमुळे वरच्या वातावरणाशी जोडलेली, म्हणजे आतून या भाराला तोंड देणारे काही नाही. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या स्नायूंनी हे ओझे उचलायचे. रॉबर्ट श्टिग्लर या ऑस्ट्रियन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९११ साली स्वतःवर असे प्रयोग केले. दोन मीटर खोलीवरच्या प्रयोगात त्याच्या हृदयाला इजा झाली. हत्तीला मात्र नदी ओलांडताना हे जमते. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये इतर सस्तन प्राण्यांत नाजूक पोकळी असते, हत्तीत तिच्या जागी दाट संयोजी ऊती असते. ही रचना सोंडेने श्वास घेण्यासाठीच असावी असे जॉन वेस्ट या शास्त्रज्ञाने २००१ साली मांडले. ॲरिस्टॉटलची तुलना त्याला स्वतःला वाटली असेल त्याहून खोल होती!

उत्तराचा दुसरा भाग शिळ्या हवेचा, आणि मुलांच्या बाबतीत तोच अधिक महत्त्वाचा. आपण श्वास सोडतो तेव्हा शेवटची हवा घशात आणि श्वासनलिकेत तशीच राहते. पुढच्या श्वासाला प्रथम ती आत जाते, ताजी हवा तिच्यामागून. तोंडाला नळी लावली की या शिळ्या हवेचे आकारमान नळीच्या आकारमानाइतके वाढते.

आकडे मांडून पाहू. शांतपणे घेतलेला श्वास वजनाच्या दर किलोमागे साधारण ७ मिलिलिटर असतो आणि शरीरातली शिळी जागा दर किलोमागे साधारण २ मिलिलिटर. मोठ्या माणसाची नळी ३५ सेंटिमीटर लांब आणि आतून २ सेंटिमीटर व्यासाची धरू. तिचे आकारमान सुमारे ११० मिलिलिटर येते. साठ किलो वजनाच्या माणसाचा श्वास ४२० मिलिलिटरचा. त्यातून शरीरातले १२० आणि नळीतले ११० वजा केले तर १९० मिलिलिटर ताजी हवा मिळते. नळी नसती तर ३०० मिळाली असती. श्वास जरा खोल घेतला की भागते. आता तीच नळी २० किलो वजनाच्या, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाच्या तोंडात द्या. श्वास १४० मिलिलिटरचा. वजा करायचे ४० आणि ११०, मिळून १५०. ताजी हवा शून्याच्याही खाली!

प्रत्यक्षात नळीत हवा थोडीफार मिसळते आणि मूल आपोआप खोल श्वास घेऊ लागते, म्हणून ते लगेच गुदमरत नाही. पण नळीशिवाय मिळणारी १०० मिलिलिटर ताजी हवा मिळवण्यासाठी त्याला प्रत्येक वेळी २५० मिलिलिटरचा श्वास घ्यावा लागेल, आणि तोही छातीवर वीतभर पाणी असताना. मूल दमते, त्याचे डोके दुखते. घाबरलेले मूल भराभर आणि उथळ श्वास घेते, आणि उथळ श्वास म्हणजे तीच शिळी हवा आतबाहेर करणे. कार्बन डायऑक्साइड साठत जातो, त्याने धाप आणि भीती दोन्ही वाढतात. असे मूल नळी थुंकून टाकते. मग आपण म्हणतो की याला पाण्याची भीती वाटते.

मुलासाठी २८ सेंटिमीटर लांब आणि आतून दीड सेंटिमीटर व्यासाची नळी घेतली तर आकारमान सुमारे ५० मिलिलिटर, म्हणजे निम्म्याहून कमी. मग नळी आणखी बारीक का करू नये? याचे उत्तर प्वाझय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या दशकात देऊन ठेवले आहे. संथ प्रवाहात नळीचा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. व्यास २ वरून दीड सेंटिमीटर केला तर विरोध तिपटीहून थोडा अधिक होतो, मुलाचा प्रवाहही कमी असल्याने ते चालते. पण १ सेंटिमीटर केला तर तो सोळापट! सरबताच्या नळीतून पाच मिनिटे श्वास घेऊन पाहावा, म्हणजे पटेल. मुलाची नळी एका बाजूला शिळी हवा आणि दुसऱ्या बाजूला विरोध अशा कात्रीत असते, आणि म्हणून तिला नेमके माप लागते. ब्रिटनने नळ्या आणि मास्क यांसाठी १९६९ साली मानक ठरवले. पुढे युरोपीय मानकात मोठ्यांच्या आणि लहान चणीच्या माणसांच्या नळ्यांना आकारमानाच्या वेगवेगळ्या मर्यादा आल्या.

वेष्टनावर मुलांसाठी असे लिहिले आहे म्हणून नळी मुलांची होत नाही. आतली पोकळी मोठ्यांचीच ठेवून वर रंगीत मासा चिकटवलेला माल मिळतो. शाळेच्या प्रयोगशाळेत याचा निकाल पाच मिनिटांत लागतो. तोंडात धरायचे टोक बुचाने बंद करावे, नळी काठोकाठ पाण्याने भरावी आणि ते पाणी मोजपात्रात ओतावे. मुलाचे किलोमधले वजन ७ ने गुणावे, त्यातून वजनाची दुप्पट वजा करावी. उरलेल्या आकड्याच्या जवळपास नळीतले पाणी येत असेल तर ती नळी त्या मुलाची नव्हे. सातवी-आठवीच्या मुलांना हा प्रयोग आवडतो, आणि वृत्तचितीचे घनफळ कशासाठी शिकायचे हा प्रश्न निदान त्या दिवशी तरी ती विचारत नाहीत.

तोंडात धरायचा रबरी भागही पाहावा. त्याचे दोन खुंट दातांत धरायचे असतात. सहा ते बारा या वयात दुधाचे दात पडत असतात, पुढचे दोन दात नसलेल्या मुलाला मोठा खुंट धरवत नाही. ओठ पुरते मिटत नाहीत आणि कोपऱ्यातून पाणी येते.

नळीत पाणी येऊच नये म्हणून झालेल्या खटाटोपांचाही इतिहास आहे. १९५० च्या दशकात नळीचे वरचे टोक वळवून त्यात टेबल टेनिसच्या चेंडूसारखा चेंडू ठेवलेल्या नळ्या आल्या. पाणी वर आले की चेंडूने भोक बंद करायचे. चेंडू अडकला की हवाही बंद. काही मास्कना नळी कायमची जोडलेली असे, ती काढून टाकण्याची सोयच नव्हती. २०१४ साली एका फ्रेंच कंपनीने पूर्ण चेहरा झाकणारा मास्क बाजारात आणला, त्यात नाकाने श्वास घेता येतो. आतल्या झडपा आणि नाक-तोंडावरचा कप्पा नीट बसला तर शिळी हवा वेगळ्या वाटेने जाते. कप्पा बसला नाही तर सोडलेला श्वास साऱ्या मास्कभर पसरतो, आणि तो मास्क दोन बोटांनी झटकन थुंकून टाकण्याची गोष्ट नव्हे. मोठ्यांच्या मापाचा असा मास्क मुलाला घालू नये. इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली, झडप नसलेली साधी नळी सर्वांत स्वस्त असते, आणि आमच्या मते मुलाने शिकायला तीच सर्वांत चांगली. तिच्यात पाणी येते, ते फुंकून काढायला मूल शिकते.

फिन्सविषयी फार लिहिण्याजोगे नाही. फ्रेंच नौदलातला अधिकारी लुई द कॉर्लिय याने १९३३ साली त्यांचे पेटंट घेतले. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत १९३२ चे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेला अमेरिकन ओवेन चर्चिल याने त्याच्याकडून परवाना घेऊन अमेरिकेत त्या विकल्या. टाच झाकणाऱ्या बुटासारख्या फिन्स १९५० च्या दशकात पिनोकियोवाल्या फेरारोनेच क्रेसीसाठी केल्या. मुलांचे पाय वर्षात एक-दोन मापे वाढतात, म्हणून पालक मोठ्या फिन्स घेतात आणि त्या पहिल्याच लाटेत निघून जातात. लांब पात्याने पोटऱ्यांत गोळे येतात ते निराळेच. आखूड, मऊ पाते घ्यावे. थोडी सैल असेल तर पायमोजा घालून भागते. थोरल्या भावंडाच्या जुन्या फिन्स मिळाल्या तर उत्तमच, आणि एकच वस्तू परवडत असेल तर फिन्स घेऊच नयेत.

मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आणि मासे पाहायला आता शाळांच्या सहलीही जातात. तिथे होडीवर जो मास्क मिळेल तो सर्वांच्या चेहऱ्यांवरून फिरतो. शाळेने लहान चेहऱ्याचे दोन-तीन मास्क आणि मोजपात्राने तपासलेल्या तेवढ्याच साध्या नळ्या घेऊन ठेवल्या तर वर्षानुवर्षे पुरतात. आधी तलावात, कमरेइतक्या पाण्यात, उभे राहून केवळ तोंड बुडवून सराव द्यावा. प्रत्येक मुलाजवळ हाताच्या अंतरावर एक मोठे माणूस असावे. बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घेण्याची शर्यत मुलांना लावू देऊ नये, त्याने पाण्याखाली शुद्ध हरपण्याचा धोका असतो. घरी आल्यावर मास्क आणि नळ्या गोड्या पाण्याने धुवाव्यात, तोंडात धरायचा भाग साबणाने, आणि सावलीत वाळवून काच वर करून ठेवाव्यात. झालर दुमडून राहिली तर पुढच्या वर्षी तो मास्क कोणालाच बसत नाही.